साठ वर्षांचें घर

श्रोतेहो, घर घेतलें असें आपण म्हणतों तेव्हां आपण नेमकें काय घेतों, याचा विचार करण्याचा प्रसंग बहुधा कोणावर येत नाहीं. वास्तुशांत होते, दारावर नांवाची पाटी लागते, पत्ता बदलल्याचें आप्तांस कळविलें जातें आणि प्रश्न मिटतो. माझ्या वडिलांचाहि तो असाच मिटला होता. 1976 सालीं त्यांनीं गिरगांवांतील चाळींतलें बिऱ्हाड सोडून वाशीस दोन खोल्यांचें घर घेतलें. खाडीवरचा पूल होऊन तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. रस्ते रुंद होते, परंतु त्यांवर माणसें नव्हतीं. आणि आगगाडी खाडी ओलांडून यावयास अजून सोळा वर्षें होतीं. नातेवाइकांनीं त्यांस वेड्यांत काढलें. वडील मात्र समाधानानें म्हणत, "जन्मभर भाडेकरू होतों, आतां मालक झालों."

ते गेल्यावर लोखंडी कपाटांतील कागद चाळतांना त्या घराचा दस्त माझ्या हातीं लागला. वडिलांनीं तो मलमलीच्या फडक्यांत बांधून ठेवला होता. दस्त इंग्रजींत होता व लांबलचक होता. त्यामुळें तो घरांत कोणीं पुरता वाचलेला नव्हता. मीं तो वाचला, आणि जमिनीचा हक्क साठ वर्षांकरितां दिला आहे या ओळीवर येऊन थांबलों. 1976 मध्यें 60 मिळविले म्हणजे 2036. वडील ज्या अर्थानें मालक झालों म्हणत होते त्या अर्थानें ते मालक झालेले नव्हतेच. ते एका फार लांब मुदतीचे पट्टेदार झाले होते.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. नवी मुंबईंतील बहुतेक घरें, मग तीं वाशीचीं असोत, नेरूळचीं असोत, बेलापूरचीं असोत वा खारघरचीं, पट्ट्याच्या जमिनीवर उभीं आहेत. त्यांत राहणाऱ्यांपैकीं पुष्कळांस तें ठाऊक नाहीं. ज्यांस ठाऊक आहे त्यांस तें आठवणें आवडत नाहीं.

पट्टा म्हणजे काय हें प्रथम पाहूं. 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें त्याची व्याख्या केली आहे. स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क ठराविक काळापुरता अथवा कायमचा, मोबदला घेऊन दुसऱ्यास देणें म्हणजे पट्टा. सुरुवातीस एकरकमी दिला जातो तो मोबदला म्हणजे अधिमूल्य, आणि वर्षावर्षाला दिलें जातें तें भाडें. विक्रींत मालकी जाते. पट्ट्यांत मालकी जागच्या जागीं राहते व उपभोग तेवढा हात बदलतो. आमच्यासारख्यांच्या दस्तांत अधिमूल्य एकदांच भरलेलें असतें आणि वार्षिक भाडें केवळ नाममात्र असतें. म्हणून दर महिन्याला भाडें देणाऱ्यास जी जाणीव सतत असते ती आम्हांस राहत नाहीं. भाडेकरू आपण भाडेकरू आहों हें विसरूं शकत नाहीं. पट्टेदार मात्र तें सहज विसरतो.

आतां नव्या नगराच्या जमिनी अशा पट्ट्यानेंच कां दिल्या गेल्या? त्यामागें लबाडी नव्हती. एक विचार होता. 1965 सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं 'मार्ग' या नियतकालिकांतून खाडीपलीकडे दुसरें नगर वसविण्याची कल्पना मांडली. तिच्यांतील एक सूत्र असें होतें, कीं नगर वसलें म्हणजे जमिनीची किंमत चढते, आणि ही चढती किंमत सट्टेवाल्यांच्या पदरीं न जातां नगराच्याच रस्त्यापाण्यास लागली पाहिजे. हाच विचार इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड यानें 1898 सालीं उद्याननगरांसंबंधीं मांडला होता. आपल्या मुंबईसहि तो परका नव्हता. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 सालीं, जें मुंबई सुधार मंडळ स्थापन झालें त्यानें दादर-माटुंग्याकडील आंखीव वसाहतींचे भूखंड लांब मुदतीच्या पट्ट्यानेंच दिले होते.

1970 सालच्या मार्च महिन्यांत शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्यास सिडको म्हणतों तें, अस्तित्वांत आलें. ठाणें, पनवेल व उरण या भागांतील 95 गांवांची सुमारें 344 चौरस किलोमीटर भूमि नव्या नगरासाठीं मुक्रर झाली. शासनानें जमीन संपादन करावी, ती महामंडळाच्या स्वाधीन करावी, आणि महामंडळानें ती साठ वर्षांच्या पट्ट्यानें घरबांधणीस द्यावी, असा क्रम ठरला. 1970 सालीं साठ वर्षें म्हणजे अनंतकाळ वाटला असेल. ज्या माणसाचें वय चाळीस आहे तो साठ वर्षांच्या मुदतीची चिंता करीत नाहीं. ती चिंता तो न कळत आपल्या मुलाच्या नांवें करून ठेवतो.

मुदत संपली म्हणजे काय होतें? कायद्याचें उत्तर कोरडें आहे. काळ सरला कीं पट्टा आपोआप संपतो. त्यासाठीं नोटिशीची गरज नसते. पट्टेदारानें जागेचा ताबा परत द्यावयाचा असतो. त्यानें जमिनीवर जें उभारलें असेल तें, दस्तांत वेगळें ठरलें नसल्यास, ताबा असेपर्यंत त्यास काढून नेतां येतें. परंतु चार मजली इमारतीच्या बाबतींत या हक्काचा अर्थ काय, हें श्रोत्यांनींच ठरवावें. मुदत सरल्यावरहि पट्टेदार राहत असेल आणि मालक भाडें स्वीकारीत असेल, तर तो पट्टा वर्षा-वर्षाच्या अथवा महिन्या-महिन्याच्या बोलीवर चालूं राहिला असें समजतात. आणि मुख्य गोष्ट ही, कीं नूतनीकरणाची अट दस्तांत नसेल तर मुदतवाढ हा पट्टेदाराचा हक्क नव्हे. ती मालकाची मर्जी होय.

कोणी म्हणेल, सरकार काय लाखो लोकांस घराबाहेर काढणार आहे? तसें कोणतेंहि सरकार करील असें मलाहि वाटत नाहीं. परंतु पट्ट्याची मुदत संपण्याच्या कितीतरी आधीं तिचा जाच सुरू होतो, हें मीं आमच्याच इमारतींत पाहिलें आहे.

आमच्या तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. सारी इमारत त्यांस काकू म्हणते. यजमान गेले, गुडघे थकले, म्हणून त्यांनीं घर विकून पुण्यास मुलीजवळ जाण्याचें ठरविलें. गिऱ्हाईक चांगलें मिळालें, किंमत ठरली, विसारहि झाला. गिऱ्हाईक एक तरुण जोडपें होतें व त्यांस वीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज हवें होतें. पतपेढीच्या वकिलानें दस्त पाहिला व एकच प्रश्न विचारला: कर्ज वीस वर्षांचें, आणि पट्टा तितकीं वर्षें शिल्लक आहे काय? तो नव्हता. कर्ज नामंजूर झालें. मग त्या जोडप्यानें किंमत बरीच खालीं आणण्याची गोष्ट काढली, आणि काकूंनीं विसार परत केला. पतपेढीचें कांहीं चुकलें असें मला म्हणवत नाहीं. जें तारण तिच्या कर्जाआधीं संपतें तें तिनें कां घ्यावें? त्या जोडप्याचेंहि चुकलें नाहीं. तरी पण ज्या घरावर काकूंनीं आपल्या म्हातारपणाचा हिशेब मांडला होता तें घर त्या एका दुपारीं निम्मेंशिम्में होऊन बसलें.

चुकलें कोणाचें हें मला ठाऊक आहे. आमच्या सोसायटीचा मानद चिटणीस त्या काळीं मीच होतों. पट्ट्याच्या मुदतवाढीचा विषय तीन वार्षिक सभांत निघाला आणि तिन्ही वेळां मीं तो पुढच्या सभेवर ढकलला. एका वर्षीं गच्चीची गळती होती, दुसऱ्या वर्षीं उद्वाहनाचें काम होतें, तिसऱ्या वर्षीं चहा निवत होता. काकूंस मीं हें सांगितलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, तुम्हीं तरी काय करायचें? कोणाला घाई होती?" खरोखरच कोणाला घाई नव्हती. या विषयाचा सर्व धोका तिथेंच आहे.

मुदतवाढीचा मार्ग बंद नाहीं. 2018 सालीं राज्य शासनानें महामंडळाच्या पट्टेदारांस एकरकमी शुल्क भरून साठ वर्षांची मुदत 99 वर्षें करून घेण्यास मान्यता दिली. म्हणजे आमच्या इमारतीचें 2036 हें साल 2075 वर जाईल. प्रत्येक विक्रीच्या वेळीं ना-हरकत दाखला आणा, हस्तांतरण शुल्क भरा, ही यातायातहि त्यायोगें संपावी असा हेतु होता. पुष्कळांचें यानें समाधान झालें नाहीं. एकदां अधिमूल्य भरलें असतां पुन्हा कां भरावें, आणि भरावयाचेंच तर पूर्ण मालकी कां मिळूं नये, असा त्यांचा प्रश्न होता. दिल्लींत तेथील विकास प्राधिकरणाच्या पट्ट्यांचें मालकी हक्कांत रूपांतर 1992 पासून होऊं लागलें, हें उदाहरण ते देत. 2024 सालीं आपल्याकडेहि पूर्ण मालकीची घोषणा झाली. परंतु घोषणा आणि नोंदलेला दस्त यांमध्यें जें अंतर असतें तें ज्यानें सरकारी कचेरीचे जिने चढले आहेत त्यास सांगावयास नको. जोंवर दस्त आपल्या हातीं नाहीं तोंवर जुनी मुदतच खरी समजून चालावें.

परदेशांत काय होतें तें पाहिल्यास दोन टोकें दिसतात. इंग्लंडांत पट्ट्याच्या घरांची प्रथा फार जुनी आहे. तेथें 1967 च्या कायद्यानें घरांस आणि 1993 च्या कायद्यानें फ्लॅटांस मुदतवाढ मिळविण्याचा हक्कच दिला. फ्लॅटाच्या बाबतींत ती वाढ 90 वर्षांची होती. 2024 सालीं तेथील पार्लमेंटनें ती 990 वर्षें करणारा कायदा संमत केला. दुसरें टोक सिंगापूरचें. तेथें गेलांग भागांत 191 बैठीं घरें आमच्याचप्रमाणें साठ वर्षांच्या पट्ट्यावर होतीं. 31 डिसेंबर 2020 या दिवशीं ती मुदत संपली, आणि घरें भरपाईशिवाय सरकारजमा झालीं. सरकारनें कायदा मोडला नाहीं. दस्तांत लिहिलें होतें तेंच केलें. आम्ही सिंगापूरच्या नागरिकांहून भाग्यवान आहों, कारण आमच्यापुढें निदान मार्ग ठेवलेला आहे. तो चालावयाचा कीं नाहीं हें आमच्या हातीं आहे.

सोसायटीच्या सभांत या विषयावर तीन मतें हटकून ऐकूं येतात. पहिलें मत, कांहीं करूं नये. इतक्या मतदारांस कोण दुखवील? यास उत्तर काकूंच्या हकीकतींत आहे. हुसकून कोणी लावणार नाहीं हें खरें धरलें तरी, ज्या घरावर कर्ज मिळत नाहीं त्यास पूर्ण किंमत कोण देणार? दुसरें मत, इमारत जुनी झाली आहे, ती पाडून नवी बांधावयाचीच आहे, तेव्हां मुदतवाढीचा खर्च बांधकाम करणारा भरील. हें ऐकण्यास गोड आहे. परंतु बांधणारा स्वतःच्या खिशांतून कांहीं देत नाहीं. जें तो एका हातानें भरतो तें दुसऱ्या हातानें नव्या घराच्या क्षेत्रफळांतून अथवा सभासदांस द्यावयाच्या रकमेंतून वळतें करून घेतो. शिवाय त्यास कर्ज देणाराहि आधीं पट्टाच पाहतो. थोडीं वर्षें राहिलेली सोसायटी सौद्यास बसते ती गरजवंत म्हणून बसते. तिसरें मत, आतांच भरूं. हेंच मत मला ग्राह्य वाटतें; तथापि त्यांत एक कठीण जागा आहे. निवृत्तिवेतनावर राहणारीं चार-पांच घरें प्रत्येक इमारतींत असतात. त्यांनीं एकदम रक्कम कोठून आणावी? तीं घरें मागें पडतील म्हणून काम थांबविणें अयोग्य, आणि त्यांस मागें टाकून पुढें जाणेंहि अयोग्य. यास्तव सोसायटीनें आधींपासून या एका कारणासाठीं निराळा निधि उभारावा, महिन्याच्या वर्गणींत थोडी भर घालून तो वाढवावा, आणि ज्यांस जड जाईल त्यांस हप्ते पाडून द्यावेत, हेंच मला शहाणपणाचें दिसतें.

कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगतों. पहिली, साठ वर्षें कोणत्या दिवसापासून मोजावयाचीं तें दस्तांत पाहावें. आधीं पट्ट्याचा करारनामा होतो, मग बांधकाम पुरें होतें, आणि मग कित्येकदां पुष्कळ वर्षांनीं अंतिम पट्ट्याचा दस्त होतो. आपण राहावयास आलों त्या दिवसापासून मोजलेला हिशेब बहुधा चुकतो. दुसरी, पट्टा कोणाच्या नांवें आहे तें पाहावें. सोसायटी असेल तेथें जमिनीची पट्टेदार सोसायटी असते. एकट्या सभासदास मुदत वाढवून घेतां येत नाहीं. बांधणाऱ्यानें सोसायटीच्या नांवें हस्तांतरण करूनच दिलें नसेल, तर तें आधीं करून घेतलें पाहिजे. बांधणारा सहकार्य करीत नसेल तर 1963 च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यांत 2008 सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें मानीव हस्तांतरणाचा उपाय आहे. तिसरी, इमारतींतील प्रत्येक जुन्या विक्रीचे कागद पुरे आहेत कीं नाहींत हें तपासावें. एका बिऱ्हाडाचें अपुरें हस्तांतरण साऱ्या इमारतीचें काम अडवूं शकतें. आणि चौथी, मुदतवाढीचा दस्त रीतसर मुद्रांक लावून नोंदल्याशिवाय काम झालें असें समजूं नये. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय कायद्याच्या दृष्टीनें उभाच राहत नाहीं. शुल्क भरल्याची पावती म्हणजे पट्टा नव्हे.

इतकें सांगून मला थांबतां आलें असतें. पण गेल्या वर्षीं जुहूगांवांतील एका वयस्क गृहस्थांशीं बोलतांना जें ऐकलें तें सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. त्यांच्या वडिलांची शेती व मिठागराकडचा एक तुकडा या नगरासाठीं गेला. मीं त्यांच्यापाशीं आमच्या 2036 ची चिंता बोलून दाखविली. ते शांतपणें म्हणाले, "तुमचीं साठ वर्षें संपतील म्हणून तुम्हांस झोंप नाहीं. आमची जमीन तर पिढ्यान्‌पिढ्यांची होती; तिला कुठें मुदत लिहिलेली होती?"

या भागांतील शेतकऱ्यांनीं अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठा लढा दिला. 1984 सालच्या जानेवारींत उरण परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. पुढें 1990 नंतर, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना आली. सार्वजनिक सोयींसाठींची वजावट जातां हातीं पावणेनऊ टक्केच राहत. आणि तो भूखंडहि मिळाला तो साठ वर्षांच्या पट्ट्यानें! ज्याची जमीन होती तो आपल्याच जमिनीच्या लहानशा तुकड्याचा मुदतबंद पट्टेदार झाला. त्या गृहस्थांच्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. एवढें मात्र मनांत आलें, कीं मुदतवाढ व मालकी यांविषयीं जो निर्णय उद्यां होईल त्यांत या मूळ मालकांचा भूखंड शेवटच्या रांगेंत उभा राहतां कामा नये. आम्हीं निदान साठ वर्षांचा सौदा सही करून केला होता. त्यांस सही न करतां तो पत्करावा लागला.

आमचें नगर ज्या विचारावर उभें राहिलें तो विचार मला आजहि वाईट वाटत नाहीं. जमिनीची वाढती किंमत सर्वांच्या कामीं यावी यांत गैर काय आहे? परंतु पट्ट्याची पद्धत तेव्हांच न्यायाची ठरते, जेव्हां तिची मुदत, तिचें नूतनीकरण आणि त्याचा दर हीं तिन्ही आधींच स्पष्ट असतात व ज्यास तीं पाळावयाचीं त्यास तीं ठाऊक असतात. घरांत राहणाऱ्यानें आपला दस्त वाचलेला नाहीं, आणि दस्त देणाऱ्यानें पुढें काय होणार तें सांगितलेलें नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे मग काकूंसारख्या एखाद्या बाईस तिची किंमत मोजावी लागते.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंति साधी आहे. हें भाषण संपल्यावर कपाट उघडा, दस्त काढा आणि मुदतीची ओळ शोधा. ती मोठ्यानें वाचा, म्हणजे घरांतील मुलांच्याहि कानीं पडेल. ती मुदत बहुधा त्यांच्याच हयातींत संपणार आहे. मीं माझ्यापुरतें उशिरां कां होईना काम सुरू केलें आहे. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर मुदतवाढीचा विषय या वेळीं पहिला घातला आहे, गच्चीचा दुसरा. काकूंनीं निरोप धाडला आहे, कीं खुर्ची जिन्याजवळ ठेवा, मी येणार आहें.